उसना आघात

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. या वर्गीकरणामागचे तत्त्व असे, की ज्या द्रव्याच्या कंपनातून नाद निघतो, त्या द्रव्यावरून वाद्य ओळखावे. तार कंप पावली तर तत, मढवलेले चामडे कंप पावले तर अवनद्ध, धातूसारखी घन वस्तू कंप पावली तर घन आणि पोकळीतील वारा कंप पावला तर सुषिर. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पाश्चात्य ड्रमसंचाच्या कडेला असे एक साधन येऊन बसले, की ज्याला या चारही वर्गांत जागा मिळत नाही. ते म्हणजे ध्वनिनमुने वाजविणारे इलेक्ट्रॉनिक पॅड. त्यावर काठीने आघात होतो, म्हणून ते अवनद्ध वाद्यासारखे दिसते. परंतु ज्या वस्तूवर आघात होतो ती वस्तू वाजत नाही. रबराच्या पृष्ठावर काठी पडताना होणारा क्षीण आवाज श्रोत्यांनी ऐकावा अशी कोणाचीही इच्छा नसते. श्रोते जो ध्वनी ऐकतात तो अन्य वस्तूचा, अन्य स्थळी, अन्य काळी उमटलेला आणि पुष्कळदा अन्य कोणाच्या तरी हाताने उमटविलेला असतो.

ध्वनीच्या उत्पत्तीची चर्चा करताना न्यायवैशेषिकांनी नगाऱ्याचाच दृष्टान्त घेतला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. भेरी आणि दंड यांच्या संयोगापासून होणारा ध्वनी संयोगज. वेळू चिरताना दोन भाग अलग होण्यापासून होणारा तो विभागज. आणि एका ध्वनीपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असा उपजत जो कानापर्यंत येतो तो शब्दज. या मांडणीत दंडाचा भेरीशी संयोग हे ध्वनीचे निमित्तकारण मानले गेले. पॅडच्या बाबतीत हे निमित्त जागेवर आहे, दंडही जागेवर आहे. भेरी मात्र तेथे नाही. ती कोणत्या तरी ध्वनिमुद्रणगृहात, कधी काळी, एकदा वाजून गेली. आजचा आघात तिला स्पर्श करीत नाही. तिने मागे ठेवलेला ध्वनी तो केवळ बोलावून घेतो. कारण आणि कार्य यांच्यामध्ये असे अंतर पडले, की कर्ता कोण हा प्रश्न उभा राहतो. आणि कर्त्याच्या प्रश्नाबरोबर श्रेयाचा, ऋणाचा आणि उत्तरदायित्वाचा प्रश्नही येतो. वरवर तांत्रिक सोयीची वाटणारी ही जोडणी म्हणूनच नीतिविचाराचा विषय होऊ शकते.

या साधनाची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. विशिष्ट स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत विद्युत्भार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. पॅडच्या रबराखाली याच गुणधर्माची एक पातळ चकती असते. काठी पडली की चकती थरथरते आणि त्या थरथरीचे रूपांतर विद्युत्स्पंदात होते. आघात किती जोराचा होता हे यंत्र एका आकड्याने नोंदविते. १९८३ पासून रूढ झालेल्या ‘मिडी’ या संकेतप्रणालीत हा आकडा १ ते १२७ यांच्या दरम्यान असतो. तो आकडा यंत्राच्या स्मृतीत साठविलेल्या ध्वनिनमुन्याला जाग आणतो आणि ध्वनिक्षेपकातून नाद बाहेर पडतो. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत घडते. किती हलक्या स्पर्शाला आघात मानावे, याची मर्यादा वादकाला आधी ठरवून द्यावी लागते. ती फार खाली ठेवली तर शेजारच्या ड्रमच्या हादऱ्याने पॅड न मारताच वाजते. फार वर ठेवली तर मारलेला हलका आघातही ऐकला जात नाही. कातड्यावर किंवा ताणलेल्या पडद्यावर अशी मर्यादा कोणी ठरवीत नाही. तेथे स्पर्श आणि आघात यांच्या मधल्या सर्व छटा आपोआप नाद होतात. मध्यावर, कडेला, काठावर, दाबून, निसटता असे जे अगणित प्रकार हाताला ठाऊक असतात, त्यांचे पॅडवर १२७ पायऱ्यांत संक्षेपण होते.

या हानीकडे बोट दाखवून पॅडला ‘खोटे वाद्य’ ठरविणे सोपे आहे. परंतु हा आक्षेप फार काळ टिकत नाही. ज्या ड्रमसंचाच्या शुद्धतेसाठी तो घेतला जातो, तो संच स्वतःच एक जुळवाजुळव आहे. युरोपातील लष्करी वाद्यवृंदाचे बेस ड्रम आणि स्नेअर ड्रम, तुर्की परंपरेतील झांजा, चिनी टॉम-टॉम अशी वेगवेगळ्या मुलुखांतील वाद्ये अमेरिकेत एका माणसाभोवती मांडली गेली, तेव्हा हा संच अस्तित्वात आला. विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये पायाने चालणारी बेस ड्रमची वेगवान कळ तयार केली आणि पूर्वी दोघा-तिघांनी मिळून करावयाचे काम एकट्याच्या आवाक्यात आले. त्या कळीनेही हात आणि नाद यांच्यामध्ये एक यंत्र आणलेच होते, आणि कोणाची तरी रोजी त्या वेळीही गेलीच असेल. तेव्हा यंत्र मध्ये आले एवढ्यानेच वाद्य खोटे ठरते, असे म्हणता येणार नाही.

ध्वनीचे अनुकरण हाही काही नवा अपराध नव्हे. अवनद्ध वाद्यांच्या उत्पत्तीची जी कथा नाट्यशास्त्रात आली आहे, ती अनुकरणाचीच कथा आहे. अनध्यायाच्या दिवशी स्वाती मुनी पाणी आणावयास सरोवरावर गेले असता पाऊस सुरू झाला. लहान, मध्यम आणि मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे नाद त्यांनी ऐकले, मनात धरले, आणि आश्रमात परतल्यावर विश्वकर्म्याच्या साहाय्याने पुष्कर वाद्ये घडविली. म्हणजे या कथेपुरते पाहिल्यास पहिले चर्मवाद्य ही पावसाची आठवण आहे. परंतु स्वातींनी थेंब पकडून आणले नाहीत. ऐकलेला नाद त्यांच्या स्मृतीतून गेला, कारागिराच्या हातातून गेला आणि अखेरीस एक नवा नाद होऊन बाहेर आला. ध्वनिनमुन्याचे मात्र असे नसते. त्यात आठवण नसते. तो थेंबच उचलून आणलेला असतो. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३० नंतरच्या दशकात यांत्रिक प्रतिकृतीमुळे मूळ कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरते असा विचार मांडला. त्यांच्यासमोर होती ती पाहावयाची आणि ऐकावयाची प्रतिकृती. येथे प्रतिकृतीच वाद्य झाली आहे, तिच्यावर आघात करून नवी कृती निर्माण केली जाते. म्हणून खऱ्या-खोट्याचा जुना वाद बाजूला ठेवून दोन वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, आघात आणि त्याचे फळ यांच्यात काही प्रमाण उरले आहे काय? दुसरा, जो आघात साठविला गेला तो कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपयोगावर अवलंबून आहे. पॅडच्या एका आघाताने एक ध्वनी उमटतो तेव्हा वादकाचा काल, त्याचा जोर, त्याची चूक ही सारी श्रोत्यापर्यंत पोचतात. एका आघाताने जेव्हा एखादी पूर्ण लयाकृती सुरू होते, तेव्हा आघाताचे स्वरूप बदलते. तो कळ दाबण्याच्या जवळ जातो. आणि एका स्पर्शाने जेव्हा समूहस्वर, तंतुवाद्ये आणि तालवाद्ये यांचा पूर्वमुद्रित पूर ध्वनिक्षेपकांतून वाहू लागतो, तेव्हा रंगमंचावरचा हात हा निव्वळ अभिनय ठरण्याचा धोका असतो. घामेजलेला वादक आणि कोसळणारा नाद यांचा कार्यकारणसंबंध श्रोता गृहीत धरतो. तो संबंध नसताना तसा भास करून देणे हे असत्य होय, मग त्यासाठी एकही शब्द उच्चारलेला नसो.

परंतु याच प्रश्नाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती रिक ॲलन या इंग्रज ड्रमवादकाच्या चरित्रातून स्पष्ट होते. ३१ डिसेंबर १९८४ रोजी मोटार-अपघातात या तरुणाचा डावा हात गेला. त्यानंतर त्याच्यासाठी असा इलेक्ट्रॉनिक संच तयार करण्यात आला, की जे ध्वनी पूर्वी डावा हात काढीत असे ते डाव्या पायाच्या कळींनी निघावेत. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टन येथील संगीतोत्सवात तो आपल्या ‘डेफ लेपर्ड’ या वाद्यवृंदासह वाजवावयास उभा राहिला. त्याच्या वादनात आघात आणि ध्वनी यांचा निसर्गसिद्ध संबंध तुटलेलाच होता. तरीही त्याला कोणी असत्य म्हणणार नाही. कारण ध्वनी आला तो अन्य ठिकाणाहून, पण प्रत्येक आघाताचा निर्णय, काल आणि श्रम त्याचे स्वतःचे होते. आघात आणि ध्वनी यांच्यातील अंतर हे स्वतः दोषास्पद नाही, हे या उदाहरणावरून दिसते. त्या अंतरात काय भरले जाते, श्रम की सोंग, यावर दोषादोष ठरतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदाने ‘फंकी ड्रमर’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यात क्लाइड स्टबलफील्ड या वादकाचा सुमारे वीस सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा आहे. १९८० नंतर ध्वनिनमुने घेण्याची यंत्रे सर्रास उपलब्ध झाली आणि हा तुकडा शेकडो गीतांचा पाया झाला. रचनेचे श्रेय वृंदप्रमुखाच्या नावावर असल्यामुळे ज्या मनगटातून ती लय निघाली त्याच्या वाट्याला या पुनर्वापराचे मानधन असे आले नाही. स्टबलफील्ड २०१७ मध्ये निवर्तले. उत्तरायुष्यातील मुलाखतींत, पैशापेक्षाही तबकडीवर आपले नाव यावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. त्याच वर्षीची, १९६९ ची, ‘द विन्स्टन्स’ या वृंदाची ‘आमेन, ब्रदर’ ही रचना. तिच्यातील ग्रेगरी कोलमन यांचा जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा जगातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ध्वनिनमुन्यांपैकी एक मानला जातो. कोलमन २००६ मध्ये विपन्नावस्थेत वारले. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड जमविले व ते वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. ही कृतज्ञता खरी होती. पण ती कोलमन यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आली, आणि ज्या हाताने वाजविले त्या हातापर्यंत पोचली नाही.

या व्यवहाराला काय म्हणावे? चोरी म्हणावे तर मूळ धन्याजवळचे काही कमी झालेले नाही. त्याची तबकडी आहे तशीच आहे. दान म्हणावे तर देणाऱ्याला विचारलेलेच नाही. कर्ज म्हणावे तर व्याज आणि मुदत ठरलेली नाही. मराठी घरगुती व्यवहारात यासाठी एक नेमका शब्द आहे: उसने. शेजारच्या घरून वाटीभर साखर उसनी आणावयाची, ती त्याच वाटीने परत करावयाची. उसन्याला कागद लागत नाही, व्याज लागत नाही. लागते ती फक्त आठवण. जे उसने आणले ते कोणाकडून आणले आणि किती आणले एवढे विसरले नाही, म्हणजे तो व्यवहार निष्कलंक राहतो. ध्वनिनमुना हा उसना आघात आहे, आणि त्याच्याबाबतीत नेमकी ही आठवणच हरवते.

कला उसनवारीवाचून चालत नाही, हे अर्थातच मान्य केले पाहिजे. स्वतंत्र तबलावादनात वादक अनेकदा एखादी गत वाजविण्यापूर्वी ती कोणत्या उस्तादांची आहे ते सांगतो; गुरूचे नाव घेताना हात कानाच्या पाळीकडे जातो. रचना उसनी असते, पण ती फेडण्याची रीतही परंपरेने घालून दिलेली असते. शिवाय, तेथे उसनी असते ती फक्त रचना. आघात वादकाचा स्वतःचा असतो आणि तो कमावण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे बोटे झिजविलेली असतात. वारकरी संप्रदायातील अभंगांची व्यवस्था याहून सूक्ष्म आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणात रचनाकाराची नाममुद्रा गुंफलेली असते. तीन-चारशे वर्षांनंतरचा कीर्तनकार तो अभंग आपल्या आवाजात, आपल्या चालीत गातो. पण अभंग पुरा करावयाचा तर नामदेवांचे, जनाबाईंचे किंवा तुकोबांचे नाव त्याला घ्यावेच लागते. ऋण फेडण्याची सोय रचनेच्या शरीरातच करून ठेवलेली आहे. या सोयीचा गैरवापर होऊन परक्या रचना संतांच्या नावावर चढल्या, हेही खरे. तरी नाव हे रचनेचे अंग आहे ही जाणीव त्या गैरवापरातही शाबूत दिसते. ड्रमच्या आघाताला मात्र नाममुद्रा नसते. तो अर्ध्या सेकंदाचा नाद असतो. त्यात नाव कोठे गुंफणार? म्हणूनच तो उचलणाऱ्यावर आठवणीची जबाबदारी अधिक येते.

महाराष्ट्रातही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. १९८५ मध्ये रोलँड या जपानी कंपनीने आणलेल्या ‘ऑक्टापॅड’चे नाव येथील वाद्यवृंदांत ‘ऑक्टोपॅड’ असे रुळले आणि पुढे त्या प्रकारच्या कोणत्याही पॅडला तेच लावले जाऊ लागले. त्या पहिल्या यंत्राच्या पोटात स्वतःचा एकही ध्वनी नव्हता. जोडलेल्या दुसऱ्या यंत्राला ते केवळ संकेत धाडीत असे. पुढच्या पिढ्यांच्या पॅडांत ध्वनी साठविता येऊ लागले आणि ड्रमसंचाच्या डाव्या अंगाला लावलेल्या एका चौकोनी पेटीत ढोलकी, संबळ, हलगी ही सारी एकत्र नांदू लागली. हलगी वाजविण्यापूर्वी तिचे कातडे विस्तवावर शेकून ताणावे लागते. पॅडमध्ये येतो तो शेकून ताणलेल्या हलगीचा नाद. शेकणे आणि शेकणारा बाहेरच राहतो. गावगाड्यात ही वाद्ये ज्यांच्या हाती होती, त्यांतील अनेकांना देवळाच्या पायरीशी थांबावे लागत होते. हात बाहेर आणि नाद आत, ही विभागणी यंत्राने प्रथम केली असे नाही. समाजाने ती फार पूर्वीच करून ठेवली होती.

येथे विचार एका बाजूला झुकू नये म्हणून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतून आत्मभान आलेल्या अनेकांनी गावकीची कामे नाकारली, त्यांत वाजविण्याचे सक्तीचे कामही होते. ज्याच्या हाताला जन्मामुळे वाद्य बांधले गेले होते, त्याच्या दृष्टीने हात आणि नाद यांची ताटातूट ही केवळ हानी नसते. ती मोकळीकही असू शकते. तेव्हा ‘नाद मूळ हातालाच शोभतो’ असा आग्रह वरवर आदराचा दिसला तरी त्यात जुन्या बेडीचा खणखणाट असू शकतो. मागणी हातानेच वाजवावे अशी नसून, ज्या हाताने वाजविले त्याला माणूस म्हणून ओळखावे, ही आहे. नाद आत घेताना नाव पुन्हा बाहेर ठेवले, तर यंत्र नवे आणि व्यवहार जुनाच ठरतो.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ मध्ये प्रयोगकर्त्या कलावंताच्या हक्कांचा समावेश झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याच्या नैतिक हक्कांना, म्हणजे प्रयोगकर्ता म्हणून ओळखले जाण्याच्या व आपल्या प्रयोगाचे विकृतीकरण रोखण्याच्या हक्कांना, मान्यता मिळाली. आर्थिक हक्कापासून नावाचा हक्क वेगळा काढणे ही या तरतुदीतील मोलाची गोष्ट होय. तथापि कायदा ज्याला प्रयोग म्हणतो तो ओळखू येण्याइतका मोठा असावा लागतो. एका हलगीचा एक आघात, एका स्नेअर ड्रमचा एक कडाका, हा व्यवहारात कायद्याच्या चाळणीतून सहज निसटतो. जेथे चाळणीची भोके संपतात तेथून सदसद्विवेकाचे क्षेत्र सुरू होते.

या क्षेत्रात वादकाने काय करावे, याचे उत्तर काही वादकांनी आपल्या वर्तनाने दिलेले आहे. ते आपल्याच ड्रमचे, आपल्याच हाताने मारलेले आघात ध्वनिमुद्रित करून पॅडमध्ये ठेवतात. हे स्वतःकडूनच उसने घेणे होय. ते निर्दोष असते आणि त्यात एक कसोटीही असते, कारण काल साठविलेला उत्तम आघात आज साध्या काठीने मारलेल्या आघाताशेजारी वाजतो आणि दोघांतील तफावत सर्वप्रथम वादकालाच ऐकू येते. काही जण एखाद्या लोकवादकाला बोलावून, मोबदला देऊन, त्याच्या संमतीने नाद नोंदवितात. काही जण पॅडचा उपयोग ड्रमसंचाला अशक्य अशा मोजक्या नादांपुरता मर्यादित ठेवतात. हे तिन्ही मार्ग वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच जाणीव आहे: पॅडवर केलेला आघात हा श्रमाने हलका असेल, पण उत्तरदायित्वाने तो कातड्यावरील आघाताहून जड आहे. कातड्यावर मारणारा फक्त स्वतःच्या हाताबद्दल उत्तर देतो. पॅडवर मारणाऱ्याला दोन हातांबद्दल द्यावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. उचललेले वाक्य, पचविलेले वाक्य आणि अवतरणचिन्हांत मानाने ठेवलेले वाक्य यांतील फरक साहित्यविचाराने फार पूर्वीपासून जपला आहे. ध्वनीच्या लिपीत अवतरणचिन्हे अजून घडावयाची आहेत. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात निवेदक गायकांची नावे सांगतो, ड्रमवादकाचे नाव सांगतो, ध्वनियोजकाचेही सांगतो. पॅडमधील संबळ ज्याने वाजविला, त्याच्या नावाची जागा त्या यादीत अद्याप रिकामी असते. ती जागा तेथे आहे, एवढे तरी ड्रमसंचाला पॅड जोडणाऱ्याने आणि ते ऐकणाऱ्याने विसरू नये.